जिताडा ओळखायचा कसा आणि त्याच्या लांबीवरून वाचायचा कसा

जिताडा ओळखताना सगळ्यात जास्त फसवतो तो रंग. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातला जिताडा लखलखीत चंदेरी असतो, गढूळ खाडीतला राखाडी-हिरवट, तर नदीच्या गोड्या पाण्यात वाढलेला काळपट तपकिरी, कधी सोनेरी झाक मारणारा. तिन्ही एकाच जातीचे. म्हणून माझा आग्रह असा की आधी आकृती बघा, मग पर, मग गालाचं हाड, मग खवले, आणि रंगाकडे सगळ्यात शेवटी वळा. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की ओळख पटायला मिनिटभर पुरतं.

ओळख पटली की अर्धंच काम होतं. जिताड्याच्या बाबतीत खरी मजा पुढे आहे, कारण या माशाची लांबी मोजली की तो नर असावा की मादी, तो काय खात असेल, आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर असेल, याचा बराचसा अंदाज बांधता येतो. असं दर माशाबाबत होत नाही.

शास्त्रीय नाव लॅटेस कॅल्करिफर. बारामुंडी आणि एशियन सीबास ही त्याचीच नावं. मार्कस ब्लॉख या जर्मन अभ्यासकाने १७९० मध्ये या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. पर्शियन आखातापासून भारत, आग्नेय आशिया, दक्षिण चीन आणि पापुआ न्यू गिनी ते उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उष्ण किनाऱ्यांवर, विशेषतः जिथे नद्या समुद्राला मिळतात तिथे तो सापडतो. नोंदलेली कमाल लांबी २ मीटर आणि वजन ६० किलो आहे, पण एवढा मासा फार दुर्मीळ. सव्वा मीटरचा दिसला तरी तो मोठाच समजायचा.

मासा समोर असताना बघायचा क्रम

पहिली पायरी: बाजूने आकृती. मासा कुशीवर ठेवा आणि तोंडाच्या टोकापासून पाठीपर्यंतची वरची रेघ डोळ्यांनी काढा. जिताड्यात ही रेघ डोळ्यांच्या वर आत दबलेली असते, तिथून ती पाठीकडे एकदम चढते. हे खोलगट कपाळ मोठ्या माशात जास्त ठळक दिसतं, लहानात कमी. खालचा जबडा वरच्यापेक्षा थोडा पुढे आलेला असतो. वरच्या जबड्याचं मागचं टोक कुठवर पोचतं ते तोंड मिटलेलं असताना बघा, कारण जिताड्यात ते डोळ्याच्या मागच्या कडेच्याही पलीकडे जातं. शेपटी गोलसर, बाहेर फुगलेली. तिला खाच नसते, दोन पाती नसतात. शेपटी दुभंगलेली दिसली तर पुढच्या पायऱ्या करायचीही गरज नाही, तो जिताडा नाही.

दुसरी पायरी: पर मोजणं. पाठीवरचा पर मध्ये खोल खाच पडल्यामुळे जवळजवळ दोन वेगळे पर असल्यासारखा दिसतो. पुढच्या भागात ७ ते ९ टणक काटे असतात, मागच्या भागात १० किंवा ११ मऊ काड्या. पोटाखाली, गुदद्वाराच्या मागे जो पर असतो त्यात ३ काटे आणि ७ किंवा ८ मऊ काड्या. ही तीनची संख्या लक्षात ठेवा, पुढे ती कामी येणार आहे. पर उघडून मोजताना ते मागून पुढे उचला. पुढून मागे हात फिरवला तर काटे बसलेले राहतात आणि पहिला बारका काटा हमखास मोजायचा राहतो.

तिसरी पायरी, आणि माझ्या मते सगळ्यात खात्रीची: गालाचं हाड. कल्ल्यावर जे मोठं झाकण असतं त्याच्या पुढे, गालाच्या मागच्या बाजूला इंग्रजी एल अक्षरासारखं वळलेलं एक हाड दिसेल. त्याच्या कोपऱ्यावर एक दणकट काटा मागच्या दिशेने रोखलेला असतो आणि त्या हाडाची खालची कड करवतीसारखी दातेरी असते. कल्ल्याच्या झाकणावरही वरच्या बाजूला, अंगावरची रेघ जिथे सुरू होते तिथे, एक छोटा काटा असतो. ही कड बोटाने चाचपून बघायचा मोह होतो, तो आवरा. मोठ्या जिताड्याच्या झाकणाची कड धारदार असते आणि मासा डोकं झटकतो तेव्हा ती बोट सरळ चिरते. मेलेल्या माशातही धार तशीच राहते. पेन्सिलीचं टोक कडेवरून हळूच ओढा, दाते असतील तर खरखर लगेच कळते.

चौथी पायरी: अंगावरची रेघ. डोक्यामागून शेपटीकडे जाणारी ही रेघ म्हणजे पाण्यातली हालचाल टिपणाऱ्या छिद्रयुक्त खवल्यांची ओळ. जिताड्यात ती शेपटीच्या बुडाशी थांबत नाही, शेपटीच्या परावरून थेट कडेपर्यंत जाते. शेपटी ओली करून प्रकाशासमोर पसरा, रेघ स्वच्छ दिसते. गढूळ पाण्यात दीड-दोन फुटांपलीकडे काही दिसत नसताना शिकार करणाऱ्या माशाला ही लांबलेली रेघ किती उपयोगी पडत असेल, याचा विचार करा. अंगावरचे खवले मोठे, घट्ट बसलेले आणि शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर खरखरीत लागणारे असतात.

पाचवी पायरी: तोंडाच्या आत. सुळे नसतात. जबड्यांवर आणि टाळूवर बारीक दातांचे पट्टे असतात, स्पर्शाला सँडपेपरसारखे. जीभ गुळगुळीत असते. जिभेवर दात असणारा एक जवळचा नातेवाईक आहे, त्याच्याबद्दल पुढे.

आता रंग. पाठ हिरवट किंवा निळसर राखाडी, कुशी चंदेरी, पर काळपट. प्रौढ माशाच्या अंगावर पट्टे किंवा ठिपके नसतात. डोळे सोनेरी-गुलाबी, आणि अंधारात विजेरीचा झोत पडला तर ते लालसर चमकतात. लहान पिल्लं मात्र इतकी वेगळी दिसतात की ती दुसऱ्याच माशाची वाटावीत. अंग तपकिरी, चट्टेरी, आणि डोक्यावर व मानेवर तीन पांढरे पट्टे. खारफुटीच्या मुळांत पडलेल्या कुजक्या पानांमध्ये हा रंग बेमालूम मिसळतो. मासा वाढतो तसे पट्टे विरतात.

कुणाशी घोटाळा होतो

सगळ्यात जास्त घोटाळा घोळीशी होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. घोळ आणि तिच्या कुळातले मासेही मोठे, चंदेरी-राखाडी, नदीमुखांच्या आसपास फिरणारे. त्यातही त्यांच्या अंगावरची रेघसुद्धा शेपटीच्या टोकापर्यंत जाते. म्हणजे चौथ्या पायरीवर विसंबून निर्णय घेतला तर तुम्ही घोळीला जिताडा म्हणून मोकळे होणार. इथे गुदपर सोडवतो. घोळीच्या कुळात त्या परात २ काटे असतात, जिताड्यात ३. शिवाय घोळीच्या पाठीवरच्या पराचा मऊ भाग खूप लांब, २० हून जास्त काड्यांचा असतो आणि शेपटीच्या थोडं आधीपर्यंत पसरतो. जिताड्यात तो आखूड, १०-११ काड्यांवर संपतो. लांबून, फोटोतसुद्धा, हा फरक दिसतो.

रावस ओळखायला सोपा. त्याचं तोंड खाली असतं आणि वर नाकाडासारखा भाग पुढे आलेला असतो, छातीच्या पराखाली सुटे धागे लोंबतात आणि शेपटी खोल दुभंगलेली असते. तांबोशीला पुढे सुळे असतात, अंगावर लालसर झाक असते आणि पाठीवरचा पर सलग असतो. हेकरूची शेपटी गोल असते, त्यामुळे क्षणभर दचकायला होतं. पण त्याचा पाठीचा परही सलग, कल्ल्याच्या झाकणावर तीन चपटे काटे आणि खवले बारीक, कातडीत रुतलेले.

आता तो जिभेवर दात असलेला नातेवाईक. सॅमोपर्का वायगिएन्सिस हा जिताड्याच्याच कुळातला मासा. आकाराने लहान, अर्ध्या मीटरच्याही आतला, आणि चिखलाच्या खाडीपेक्षा खडकाळ व प्रवाळाच्या जागी राहणारा. त्याचा वरचा जबडा डोळ्याच्या खालीच संपतो आणि गालाच्या हाडाची खालची कड गुळगुळीत असते, कोपऱ्यावर काटा तेवढा असतो. अर्ध्या मीटरच्या आतला जिताडा समोर आला आणि मनात शंका असेल तर जीभ बघा.

‘सीबास’ असं नुसतं लिहिलेलं असेल तर सावध राहा. भूमध्य समुद्रातला युरोपियन सीबास याच नावाने ओळखला जातो. त्याचं कुळ वेगळं, शेपटी दुभंगलेली आणि पाठीवर दोन स्वतंत्र पर. आणि कातडी काढलेला तुकडा समोर असेल तर वरच्या सगळ्या पायऱ्या निरुपयोगी ठरतात. तिथे डीएनए चाचणीच खात्रीने सांगू शकते.

एक गुंता मात्र हाताने सुटणारा नाही. आपण ज्याला एकच जात मानत होतो त्यात एकापेक्षा जास्त जाती दडलेल्या आहेत. जपानमधला मासा १९८४ मध्ये लॅटेस जॅपोनिकस म्हणून वेगळा काढला गेला. २०१२ मध्ये रोहन पेथियागोडा आणि अँथनी गिल यांनी श्रीलंकेतून लॅटेस लकदिवा आणि म्यानमारमधून लॅटेस उविसारा अशा आणखी दोन जाती वर्णिल्या. हे फरक अंगाची उंची, डोळ्याचा आकार, खवल्यांच्या ओळी अशा मोजमापांवर उभे आहेत. त्या पट्ट्यात काम करत असाल तर वरच्या पायऱ्यांनी मासा जिताड्याच्या गटातला आहे एवढंच ठरवा आणि जात नक्की करण्याचं काम मोजमाप घेणाऱ्यांवर सोपवा.

लांबी काय सांगते

मोजपट्टी सपाट ठेवा, मासा तिच्यावर ठेवा, तोंड मिटवा आणि जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या शेवटच्या कडेपर्यंत मोजा. अंगावरून टेप वळवून मोजू नका, पोटाच्या फुगवट्यामुळे आकडा वाढतो.

जिताडा जन्मतःच मादी किंवा नर म्हणून आयुष्यभरासाठी ठरलेला नसतो. बहुतेक मासे आधी नर म्हणून वयात येतात, साधारण ३ ते ४ वर्षांचे आणि ५५ ते ६० सेंटिमीटरचे असताना. नर म्हणून एक किंवा अधिक हंगाम घालवले की पुढे ६ ते ८ वर्षांच्या सुमारास, लांबी ८५ ते १०० सेंटिमीटरच्या आसपास असताना, त्यांच्यातल्या नराच्या प्रजनन ग्रंथीची जागा मादीची ग्रंथी घेते. मीटरभराहून मोठा जिताडा त्यामुळे बहुतेक वेळा मादी असतो. अपवाद आहेत. काही मासे सुरुवातीपासून मादीच असतात, हे आशियातल्या माशांत आढळलं आहे, आणि काही मोठे होऊनही नर राहतात. म्हणून लांबीवरून शक्यता सांगावी, छातीठोक विधान करू नये.

बाहेरून नर-मादी ओळखण्याच्या खुणा फक्त विणीच्या दिवसांत कामाच्या. त्या काळात मादीचं पोट ठळकपणे भरलेलं असतं, नराचं अंग तिच्या मानाने सडपातळ आणि गुदद्वाराजवळचे खवले जाडसर. एरवी या खुणांवर मी तरी भिस्त ठेवत नाही.

आता या एका गोष्टीचा परिणाम बघा. मोठी मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी घालू शकते. लहान मासे सगळे मारले तर उद्याच्या माद्या घडणार नाहीत, कारण आजचे नरच उद्याच्या माद्या आहेत. मोठे सगळे मारले तर अंडी घालायला कुणी उरणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याचा नियम याच समजुतीतून आला आहे: भरतीच्या पाण्यातला ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान जिताडा सोडायचा आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही सोडायचा. दोन्ही टोकं राखणारा असा नियम मला किमान लांबीच्या एकेरी नियमापेक्षा कितीतरी शहाणा वाटतो. तुम्ही जिथे असाल तिथला नियम वेगळा असू शकतो, तो आधी पाहा, पण नियम ५८ वर का थांबला नाही हे कळलं तर पाळायला सोपं जातं.

नदी, खाडी, समुद्र

जिताड्याच्या आयुष्याचा नकाशा नदीमुखाभोवती आखलेला आहे. वीण खाऱ्या पाण्यात, नदीमुखाजवळ होते, पावसाळ्याच्या तोंडावर आणि सुरुवातीला, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांच्या सुमारास. अंडी मिलिमीटरहूनही लहान आणि तरंगणारी. भरतीचं पाणी त्यांना आत खाडीकडे ढकलतं. कोमट पाण्यात १८ तासांच्या आत पिल्लं बाहेर येतात आणि उधाणाने भरलेल्या खारफुटीत, किनाऱ्यालगतच्या दलदलीत आसरा घेतात. तिथे खाणं मुबलक आणि मोठे शिकारी कमी. पाणी ओसरायला लागलं की ती बाहेर पडतात आणि बरीचशी नदीच्या वरच्या अंगाला, गोड्या पाण्यात चढतात. काही वर्षं तिथे वाढून पुन्हा विणीसाठी खाली येतात.

सगळेच वर जातात असं मात्र नाही. माशाच्या कानातल्या दगडीवर दरवर्षी थर चढत जातात आणि त्या थरांतल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या प्रमाणावरून मासा कधी कुठल्या पाण्यात होता ते वाचता येतं. अशा अभ्यासांत असेही जिताडे सापडले की ज्यांनी गोडं पाणी कधी पाहिलंच नाही.

नदीवर बांध पडला की वर चढणाऱ्या पिल्लांची वाट अडते. पुराचं पाणी घटलं तरी फरक पडतो. क्वीन्सलंडमधल्या फिट्झरॉय नदीच्या मुखाशी झालेल्या अभ्यासात भरपूर पाणी वाहिलेल्या वर्षी जन्मलेल्या जिताड्यांची संख्या जास्त आढळली.

तो शिकार कशी करतो

जिताडा पाठलाग करून दमवणारा शिकारी नाही, दबा धरणारा आहे. पडलेलं झाड, खडक, पुलाचा खांब, खारफुटीची मुळं, छोटी ओहळी मोठ्या पात्राला मिळते तो कोपरा, अशा जागी तो प्रवाहाकडे तोंड करून, प्रवाहाचा जोर लागणार नाही अशा आडोशाला थांबतो. ओहोटी लागली की खारफुटीत शिरलेली कोळंबी, बोय, खेकडे पाण्याबरोबर बाहेर ओढले जातात आणि त्या अरुंद वाटेवरच तो उभा असतो. म्हणून त्याला बघायचं असेल तर ओहोटीचा शेवटचा भाग आणि भरतीची सुरुवात या वेळा साधा, शक्यतो पहाटे किंवा संध्याकाळी.

हल्ला बघण्यासारखा असतो. तोंड आणि कल्ल्यांची झाकणं एकाच क्षणी फाकतात, तोंडात पोकळी तयार होते आणि भक्ष्य पाण्यासकट आत ओढलं जातं. पृष्ठभागाजवळ हे घडलं तर ‘भप्प’ असा दबका आवाज येतो. तो आवाज एकदा कानात बसला की अंधारातही जिताडा कुठे आहे ते कळतं.

आहार लांबीप्रमाणे बदलतो. अगदी लहानपणी सूक्ष्म कवचधारी जीव, मग किडे आणि कोळंबी, आणि मोठेपणी मासे जास्त. आपल्याच जातीचे लहान मासेही तो सोडत नाही, स्वतःच्या लांबीच्या निम्म्याहून मोठं पिल्लूही तो गिळतो. १९७० च्या दशकात थायलंडमध्ये कृत्रिम प्रजनन सुरू झालं, तेव्हापासून संवर्धन करणाऱ्यांना हीच अडचण छळते. पिल्लं पुन्हा पुन्हा आकाराप्रमाणे वेगळी केली नाहीत तर मोठी लहानांना संपवतात.

थंडीत तो मंदावतो. पाणी २० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की खाणं जवळजवळ थांबतं. जागा बरोबर, भरती-ओहोटी बरोबर, तरी हालचाल नाही, असं झालं तर आधी पाण्याचं तापमान मोजा.

हाताळताना आणि सोडताना

सोडायचा मासा शक्यतो पाण्याबाहेर काढूच नका. काढावाच लागला तर हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे जंतुसंसर्ग होतो. खालचा जबडा अंगठा आणि बोटांत धरता येतो, दात बारीक असल्याने इजा होत नाही. पण दुसरा हात पोटाखाली हवाच. मोठा जिताडा नुसत्या जबड्यावर उभा लटकवला तर त्याच्या मानेच्या आणि जबड्याच्या सांध्यांवर सगळं वजन येतं. कल्ल्यांत बोटं घालून उचलणं दोघांनाही वाईट: त्याचे कल्ले फाटतात, तुमची बोटं. पाण्यात परत सोडताना तोंड प्रवाहाकडे करून आधार देऊन धरा, आणि तो स्वतः जोर लावून निसटेपर्यंत थांबा.

नोंद कशी ठेवावी

फोटो तीन घ्या. एक पूर्ण बाजूचा, मोजपट्टीसह आणि पर उभारलेले असताना. एक गालाच्या हाडाचा, जवळून. एक पसरलेल्या शेपटीचा, रेघ दिसेल असा. या तीन फोटोंवरून जाणकार माणूस न बघितलेला मासाही ओळखू शकतो, आणि मासा हातातून गेल्यावर शंका आली तर तुम्हालाही तपासता येतं.

सोबत तारीख, लांबी, जागा, पाणी खारं की मचूळ की गोडं, भरती होती की ओहोटी, आणि तिथी. मासा मेलेला असेल तर पोट उघडून आत काय होतं आणि गाबोळी होती का, तेही लिहा. कुणाला अंगावर पांढरे पट्टे असलेली पिल्लं दिसली तर ती नोंद सगळ्यात मोलाची. पिल्लांना हात न लावता जागा नेमकी लिहून ठेवा आणि ते पाणी नदीशी किंवा खाडीशी कुठल्या वाटेने जोडलेलं आहे, ती वाट वर्षभर उघडी असते की फक्त उधाणात, हेही तिथेच उभं राहून पाहून घ्या.